नळ्यांची घोडी आणि चार घड्यांचा पुठ्ठा

मी एक जुनी घोडी आहे. हसू नका मित्रांनो. मला शेपूट नाही, आयाळ नाही आणि जन्मात मी एक पाऊलही चाललेले नाही. लहान मुलांच्या दवाखान्यात रक्त तपासायची जी खोली असते, तिथे टेबलावर मी उभी असते. कागदोपत्री माझे नाव ईएसआर स्टँड. पण आमच्या खोलीच्या ताईंनी पहिल्याच दिवशी मला घोडी म्हटले आणि तेच नाव चिकटले. माझ्या पाठीवर सहा काचेच्या नळ्या उभ्या राहतात, म्हणून नळ्यांची घोडी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडे करायला नको. माझा स्वभाव काही फार चांगला नाही. मी मत्सरी आहे. शेजारच्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते. ही गोष्ट त्या दुखण्याची आहे, आणि त्यापायी सात वर्षांच्या एका मुलीवर कोणती वेळ येणार होती, त्याची आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका कारागिराने पोलादी पट्ट्या कापल्या, वाकवल्या, त्यांना चकाकी दिली. वर सहा चिमटे बसवले, खाली सहा रबरी गाद्या. पायथ्याला तीन पाय, आणि प्रत्येक पायाला फिरवायचा स्क्रू, म्हणजे टेबल कसेही असले तरी पाय कमीजास्त करून मला सरळ उभे करता यावे. पायथ्यावर काचेची एक इवलीशी डबी होती. तिच्यात पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की समजावे, घोडी सरळ आहे. मला खोक्यात बंद करण्यापूर्वी त्या कारागिराने तो बुडबुडा तीन वेळा पाहिला. त्यानंतर इतक्या बारकाईने मला कुणी पाहिले असेल, तर ते थेट एका गवंड्याने. पण ते पुढे येईलच.

आता माझे काम सांगते. शरीरात कुठे आजार धुमसत असला की त्याचा दाह रक्तात उतरतो. मग रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, धुतलेल्या ताटल्यांची चवड लावावी तशा. चवड जड असते, ती भराभर खाली बसते. ताई उंच नळीत रक्त भरून ती माझ्या पाठीवर चढवतात आणि घड्याळ लावतात. बरोबर एका तासाने बघायचे, रक्त किती खाली बसले आणि वर पिवळसर पाणी किती मोकळे राहिले. जितके मोकळे, तितका आकडा. आकडा मोठा म्हणजे आत दाह मोठा. औषध लागू पडले की महिन्यागणिक आकडा उतरत जातो. क्षयरोग झालेली कितीतरी मुले सहा सहा महिने औषध घेत माझ्यासमोर बसली, आणि त्यांचे आकडे उतरताना मी माझ्या पाठीवर पाहिले.

या कामाला अट एकच. मी सरळ उभी असले पाहिजे. नळी थोडीशी जरी कलली, तरी पेशी तिच्या भिंतीवरून घसरगुंडी करत भलत्याच लवकर खाली पोचतात आणि आकडा फुगतो. आजार होता तेवढाच असतो, पण कागदावर तो वाढलेला दिसतो.

दहाएक वर्षांपूर्वी माझ्या मागच्या पायाचा स्क्रू झिजून गळून पडला आणि कुठेतरी हरवला. बुडबुड्याची डबी त्याच्या आधीच तडकली होती, पाणी केव्हाच उडून गेले होते. ताई हुशार. त्यांनी औषधाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, त्याला चार घड्या घातल्या आणि माझ्या मागच्या पायाखाली सरकवला. मग आपल्या लेकीच्या कंपासपेटीतला गुण्या आणून मला लावून पाहिला. "झाली सरळ. नवा स्क्रू मागवतेच मी," असे त्या म्हणाल्या. नवा स्क्रू काही आला नाही. पण पुठ्ठा इमानी निघाला. त्याच्या जोरावर मी दहा वर्षे तसूभरही हलले नाही.

त्या दिवसांत या खोलीत माझ्या शब्दाला वजन होते. ताई सकाळी आल्या की आधी मला पुसत. "चला घोडीबाई, कामाला लागा," असे म्हणत. मुलांचे डॉक्टर वयाने मोठे, चष्मा कपाळावर चढवून स्वतः माझ्यापर्यंत यायचे आणि नळीला नाक लावून आकडा बघायचे. टेबलाच्या मधोमध माझी जागा होती. उजेड थेट माझ्यावर पडायचा. खोटे कशाला बोलू, मला वाटायचे की हा दवाखाना माझ्यामुळेच चालतो.

एका सकाळी एक बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. सात वर्षांची मुलगी आईच्या कडेवर बसून आली, यावरूनच काय ते समजा.

"घरी हिला भिंगरी म्हणतो आम्ही," आई ताईंना सांगत होती. "एका जागी म्हणून ठरायची नाही. आणि आता बघा, बसवली की बसलेलीच."

भिंगरीला क्षय झाल्याचे नुकतेच कळले होते. तेही सहज कळले नव्हते. एवढ्या लहान मुलांना कफ थुंकता येत नाही, ती तो गिळून टाकतात. म्हणून तीन दिवस रोज सकाळी उपाशीपोटी तिच्या नाकातून बारीक नळी घालून पोटातले पाणी काढले होते. तिसऱ्या दिवशी म्हणे तिला धरायला तिघीजणी लागल्या. त्यामुळे माझ्या पाठीवरच्या नळ्या दिसताच ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली.

ताईंनी तिला टेबलाच्या बाजूच्या बाकावर बसवले. "ही नळी तुझ्यासाठी नाही गं. ही घोडीसाठी आहे. तुझं थोडंसं रक्त हिच्या पाठीवर बसणार, एक तास."

भिंगरीने एक डोळा उघडला. "पडणार नाही ना?"

"आमची घोडी कधी कुणाला पाडत नाही."

मग ती पोर तासभर माझ्याकडे बघत बसली. इतर मुले सुईनंतर पळून जातात. ही बसून राहिली, आणि लाल रेघ कशी खाली सरकते ते आईला सांगत राहिली. घड्याळ वाजले तेव्हा आकडा आला शहाण्णव. ताईंनी तो वहीत लिहिला. निरोगी मुलाचा आकडा वीसच्या आत असतो.

महिन्याभराने भिंगरी आली ती आपल्या पायांनी चालत. गालांवर थोडा रंग होता. पुन्हा बाकावर बसली, पुन्हा तासभर माझ्याकडे बघत राहिली. "आज हळू उतरतंय. आज घोडी शहाण्यासारखी चालतेय," ती म्हणाली. आकडा आला बासष्ट. ताई हसल्या, आई हसली, आणि भिंगरीने जाताना एका बोटाने माझी पाठ थोपटली. मित्रांनो, माझे डॉक्टरांनी कौतुक केले होते, ताईंनी केले होते, पण पाठ कुणी थोपटली नव्हती. त्या दिवसापासून मी पुढच्या महिन्याची वाट बघू लागले. ही पोर माझी, असे मी मनाशी ठरवूनच टाकले.

आणि मग ती आली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तशी.

पांढरी शुभ्र, गुळगुळीत, पाखराच्या पिंजऱ्याएवढी पेटी. तिला रक्ताचा एक थेंब पुरायचा. तीन मिनिटांत ती 'टुंग' असा आवाज करायची आणि तोंडातून कागदाची पट्टी बाहेर काढायची, छापील आकड्यासकट. दाह झाला की यकृत एक वेगळा पदार्थ रक्तात सोडते, त्याला सीआरपी म्हणतात. तो मोजणे हे तिचे काम. "हा आकडा दाहाबरोबर लगेच चढतो आणि दाह शमला की लगेच उतरतो. आपली घोडी मात्र रेंगाळते, तिचा आकडा उतरायला आठवडे लागतात," हे ताईंनी एका नर्सला समजावून सांगितले. तेही माझ्यासमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पेटी बसवायला एक माणूस आला होता. त्याने मला उचलून टेबलाच्या कडेला, खिडकीजवळ ठेवले आणि माझ्या जागेवर तिला बसवले. पेटी डुगडुगली. टेबल तिथे जरा खोलगट होते. ताई तेव्हा शेजारच्या खोलीत एका बाळाचे रक्त काढत होत्या. त्या माणसाने इकडेतिकडे पाहिले. त्याला माझ्या जुन्या जागेवर पडलेला चार घड्यांचा पुठ्ठा दिसला. त्याने तो उचलला आणि पेटीच्या एका कोपऱ्याखाली सरकवला. पेटी ठाम बसली.

सवत म्हणतात ती याहून वेगळी काय करते? माझी जागा घेतली, माझा उजेड घेतला आणि वर माझ्याच पायाखालचे काढून घेऊन त्यावर ती उभी राहिली!

मी मागच्या बाजूला कलले. फार नाही, दीड बोट. समोरून बघणाऱ्याला कळायचे नाही, कारण मी भिंतीकडे झुकले होते, आणि ताई नेहमी समोरूनच बघत. माझी जागा बदलली तरी पुठ्ठा माझ्याबरोबर आलाच असेल, असे त्यांनी धरून चालले. दहा वर्षांत जो माझ्या पायाखालून कधी सुटला नाही, तो सुटला असेल असे कुणाच्या मनात तरी का यावे?

पुढचे दिवस मी जळफळत काढले. माझ्याकडे आठवड्याला चार-पाच नळ्या येऊ लागल्या, बाकी सारी गर्दी तिच्याकडे. आया तिचे कौतुक करत, "किती पटकन होतं हो!" संध्याकाळी ताई तिच्यावर निळे कापड पांघरत. मला कुणी कधी फडके तरी पांघरले होते का? माझ्या चिमट्यांवर धूळ बसली. नव्याचे नऊ दिवस, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. दहावा दिवस आला, विसावा आला, तिची नवलाई काही संपेना.

मला आशा होती ती एकाच गोष्टीची. भिंगरी येईल.

ती आली. औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते. ती चक्क धावत आली, आणि धावली ती सरळ पेटीकडे. तिने बोट पुढे केले, थेंब दिला, 'टुंग' झाले आणि पट्टी बाहेर आली. "तिकीट! मला द्या ना तिकीट!" म्हणून ती नाचायला लागली. पट्टीवर आकडा होता चार, म्हणजे दाह जवळजवळ नाहीच. ताईंनी आकडा वहीत उतरवून घेतला आणि पट्टी तिला दिली. तिने ती घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवली. माझ्या पाठीवर एक तास नजर खिळवून बसणारी पोर ती! मी मनातल्या मनात किती बोटे मोडली असतील, विचारू नका.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत माझीही तपासणी लिहिलेली होती, म्हणून ताईंनी दंडातून थोडे रक्त घेऊन नळी चढवली. भिंगरी बाकावर बसली. बाक माझ्या बाजूला होता, समोर नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मान तिरकी केली आणि म्हणाली, "ताई, घोडी मागे रेलून बसलीय."

ताई वहीत लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वय झालं गं तिचं. माझीही कंबर अशीच रेलते."

दोघी हसल्या आणि गोष्ट तिथेच राहिली. एका तासाने आकडा आला सत्तर.

डॉक्टर उठून खोलीत आले. "बासष्टाचे सत्तर? उतरायचं ते चढलं कसं?"

"नव्या यंत्रावर चारच आलाय, सर," ताई म्हणाल्या. "वजनही दीड किलो वाढलंय."

"वजन वाढलंय म्हणून तर थांबतोय. पण या यंत्राचा हिच्या आजारपणातला जुना आकडा आहे का आपल्याकडे? नाही. मग तुलना कशाशी करू? घोडीचे तिन्ही आकडे माझ्यासमोर आहेत. इतक्या वर्षांत हिने मला कधी फसवलेलं नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मी काय फुगले होते! सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. पेटी गप्प. तिचा तो छापील चार कुणी विचारात घेईना. मी मनात म्हटले, बघ, कशी जिरली!

मग डॉक्टर आईकडे वळले. "गोळ्या चुकतायत का? रागावणार नाही मी, पण खरं सांगा."

आईने पिशवीतून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा काढला. रबर लावून, तारखा घालून तिने सगळी जपून ठेवली होती. "एक दिवस चुकला नाही, डॉक्टर. उलटी झाली तर परत विचारून दिली."

"रिकाम्या पाकिटावरून गोळी पोटात गेली की नाही ते कळत नाही हो," डॉक्टर हळूच म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पुन्हा ईएसआर करू. आकडा उतरला नाही, तर हिला भरती करावं लागेल. या औषधांना आजार दाद देत नाहीये का, ते बघावं लागेल. पोटातलं पाणी पुन्हा काढावं लागेल."

"नाकातून?" भिंगरीने विचारले.

तिने दोन्ही हातांनी नाक झाकून घेतले आणि दारापर्यंत तशीच गेली. खिशातली पट्टी खाली पडली, तीही तिने उचलली नाही.

मला बोलता येत नाही, ही सबब मी तुम्हाला देणार नाही. बोलता आले असते तरी त्या दिवशी मी बोलले नसते. मी वाकडी आहे हे मला ठाऊक होते. माझा आकडा फुगलेला आहे हेही ठाऊक होते. पण त्या आकड्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते, आणि भिंगरी आठवड्याभरात पुन्हा माझ्यासमोर तासभर बसणार होती. मला त्याचे सुख वाटले. हे सांगताना आज लाज वाटते, पण आत्मवृत्त सांगायला बसले की एवढे सांगावेच लागते.

पुढच्या आठवड्यात भिंगरी आली ती वडिलांबरोबर. वडील गवंडी होते. हातांच्या भेगांत सिमेंट, खांद्यावर अवजारांची पिशवी. इथून तसेच कामावर जायचे होते. भिंगरीने पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. बाकावर बसून तिने नाक हाताने झाकून घेतले.

"आई नाही आली आज?" ताईंनी रक्त घेताना सहज विचारले.

"आई बाबांशी बोलत नाही," भिंगरी हाताआडून म्हणाली. "बाबांनी रिकामी पाकिटं मोजली. आई बघत होती."

वडिलांनी मान खाली घातली. "डॉक्टर म्हणाले म्हणून... एकदा खात्री करावी म्हटलं."

ताईंनी नळी चढवली, घड्याळ लावले आणि कामाला लागल्या. वडील बाकावर बसले. रिकाम्या हातांनी बसायची त्यांना सवय नव्हती. काही वेळ त्यांनी बोटे मोडली. मग खोली पाहिली. दाराची चौकट पाहिली, खिडकीचा कठडा पाहिला, आणि मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी एक डोळा मिटला.

मला कारखान्यातल्या त्या कारागिराची आठवण झाली. आणि खरे सांगते, माझी घाबरगुंडी उडाली.

"ताई," ते म्हणाले, "ही नळी सरळच लागते ना? की अशी तिरकी ठेवायची असते?"

"सरळच लागते. सरळच आहे ती," ताई पाठमोऱ्या म्हणाल्या.

"रागावू नका. पण ही ओळंब्यात नाही."

ताई वळल्या. त्या खरोखरच रागावल्या होत्या. "अहो, इतकी वर्षं मी हिच्यावर काम करतेय. तुम्ही कृपा करून हात लावू नका."

"हात नाही लावत." त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला. म्हणजे दोरीला बांधलेला पितळी लोलक. भिंत सरळ चढते की नाही ते गवंडी त्यावरच बघतात. त्यांनी माझ्या बाजूला येऊन, मला स्पर्श न करता, दोरी नळीच्या वरच्या टोकाशी धरली. लोलक हलला, डोलला आणि स्थिर झाला. वर दोरी नळीला टेकली होती. खाली दोरी आणि नळी यांच्यात दीड बोट जागा होती.

"एका भिंतीत मी एवढं ठेवलं असतं तर मला कामावरून हाकलून दिलं असतं," ते हळूच म्हणाले.

ताई बाजूने आल्या. पाहिले. पुन्हा पाहिले. मग त्यांनी वाकून माझ्या मागच्या पायाखाली बोट घातले. तिथे काहीच नव्हते.

"मी सांगितलं होतं," भिंगरी म्हणाली. "रेलून बसलीय म्हणून."

पुठ्ठा शोधायला ताईंना फार वेळ लागला नाही. पेटीखालून त्याचा कोपरा डोकावत होता. त्यांनी तो ओढून काढला, पेटी डुगडुगली, आणि मला एवढ्या गडबडीतही बरे वाटल्यावाचून राहिले नाही. पण ताईंनी घाई केली नाही. वाकडी नळी त्यांनी तशीच तास संपेपर्यंत राहू दिली. आकडा आला एकाहत्तर. मग पुठ्ठा माझ्या पायाखाली सरकवला. गवंड्याने दोरी धरली, "अजून केसभर पुढे... हां, बस," असे म्हणत मला ओळंब्यात आणले. ताईंनी कुपीत उरलेले त्याच सकाळचे रक्त नव्या नळीत भरून माझ्या पाठीवर चढवले आणि पुन्हा एक तास लावला.

तो तास मी कधी विसरणार नाही. तिघेही माझ्यासमोर बसून होते. इतका वेळ, इतक्या जणांनी माझ्याकडे कधी पाहिले नव्हते. जे हवे म्हणून मी आयुष्यभर झुरले, ते मला मिळाले होते, आणि मला ते नको झाले होते. मी फक्त एवढेच म्हणत होते की रक्ता, हळू उतर. घड्याळ वाजले. सत्तेचाळीस.

ताईंनी डॉक्टरांना बोलावून आणले. एकच रक्त, दोन नळ्या, एकाहत्तर आणि सत्तेचाळीस. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शहाण्णव, बासष्ट, सत्तेचाळीस," ते म्हणाले. "आकडा उतरतोय. हिचा आकडा पहिल्यापासून उतरतच होता. यंत्र बरोबर सांगत होतं."

"चूक माझी आहे, सर," ताई म्हणाल्या.

"तुमची थोडी. माझी जास्त. मी आकडा बघितला, घोडी बघितलीच नाही." ते गवंड्याकडे वळले. "भरती नको. नळी नको. औषधं ठरल्याप्रमाणे पुढे चालू. आणि घरी सांगा, त्यांनी गोळ्या अगदी चोख दिल्यात. मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला."

"ते मी सांगतो," गवंडी म्हणाले. "त्याच्या आधी मला माझं वेगळं सांगायचंय."

भिंगरीने नाकावरचा हात काढला.

त्या दिवशी ताईंनी वही उघडली. पेटी आल्यापासून माझ्या पाठीवर मोजलेल्या प्रत्येक आकड्याभोवती त्यांनी लाल वर्तुळ काढले आणि त्या सगळ्या मुलांना पुन्हा बोलावले. सोपे नव्हते ते. प्रत्येक आईला त्यांना स्वतःच्या तोंडाने चूक सांगावी लागली. मी प्रत्येक वेळी ऐकत होते.

माझे दुखणे मात्र जाता जाईना. सवत खरे बोलत होती! खोटी मी ठरले होते. तिच्यावर जळावे तर कशावरून? चोरी तिने केली नव्हती. पुठ्ठा तिने मागितला नव्हता. ती बिचारी तिच्याखाली जे सरकवले त्यावर उभी होती आणि जे होते ते छापत होती. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. हे सगळे मला कळत होते, आणि तरी 'टुंग' ऐकू आले की पोटात दुखायचेच. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरीचे वडील आले, आणि बरोबर आईही आली. ती त्यांच्याशी बोलत होती. वडिलांनी खिडकीजवळ माझ्यासाठी सिमेंटचा लहानसा ओटा बांधला. पाण्याने घासून इतका गुळगुळीत आणि समतल केला, की त्यावर ठेवलेली गोळीही घरंगळू नये. पायाचा स्क्रू त्यांनी कुठूनसा जुळवून आणला. वर खिळा ठोकून दोरीला एक जड नट बांधला आणि तो माझ्या बाजूला लोंबता सोडला. "रोज सकाळी नळीवर एक नजर, दोरीवर एक नजर," ते ताईंना म्हणाले. आई चहाचे पेले धूत होती. "आणि बायकोवर तिसरी नको," ती मागून म्हणाली. सगळे हसले. गवंडी सर्वांत उशिरा हसले.

पुठ्ठ्याची मला आता गरज उरली नव्हती. ताईंनी तो उचलला आणि डुगडुगणाऱ्या पेटीखाली परत सरकवला. या वेळी मी थोडीशी धुसफुसले, पण तो जाऊ दिला.

सहा महिने पूर्ण झाले तेव्हा भिंगरी शेवटच्या तपासणीला आली. पेटीचा आकडा आला दोन. माझा नऊ. पट्टी अर्थातच तिने खिशात घातली. माझ्याकडे द्यायला तिकीट नाही, मी काय करणार? मी आपली उभी राहिले. ती दारापर्यंत गेली, थांबली, मागे वळली. वडिलांसारखा एक डोळा मिटून तिने आधी दोरीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सरळ आहे," ती म्हणाली. मग पेटीकडेही तसेच पाहून म्हणाली, "ही पण."

तिने 'ही पण' म्हटले नसते तरी चालले असते. पण असो. मग दोन्ही हात पसरून ती लांब व्हरांड्यात गिरक्या घेत गेली, आणि तिची आई "अगं, आपटशील!" म्हणत मागून धावली.

मित्रांनो, माझी गोष्ट संपली. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखे जुने काहीतरी उभे असेल. त्याला टेबलाच्या कडेला ढकलायचे असेल तर ढकला, नव्याला जागा लागतेच. पण त्याच्या पायाखालचे काढण्याआधी वाकून बघा. त्याने सांगितलेला आकडा वाचण्याआधी ते सरळ उभे आहे की नाही, तेही बघा. आणि कुणी लहान मूल काही वाकडे आहे म्हणून सांगत असेल, तर हसण्यावारी नेण्यापूर्वी एकदा त्याच्या बाकावर जाऊन बसा.

मी अजून जळते, रोज थोडी. ताई रोज सकाळी दोरी बघतात, म्हणून निदान कलत तरी नाही. भिंगरी त्यानंतर कधी आली नाही. दार उघडले की मी अजून तिकडे बघते, आणि आत येणारी ती नसली की मला बरे वाटते.